पलीकडच्या काकांचं दुखणं

७ जानेवारी

आज वृद्धाश्रमात मला अंघोळ घालायला शिकवलं. म्हाताऱ्या माणसाला अंथरुणातच कसं पुसून घ्यायचं, टॉवेल कुठे धरायचा, कूस बदलताना आपला हात कुठे ठेवायचा, सगळं. शिकवणारी मुलगी माझ्या पुतणीच्या वयाची असेल. मी शहाण्यासारखी मान डोलावत राहिले. शेवटी तिने माझ्या पाठीवर थाप मारून सांगितलं, "छान जमतंय तुम्हाला." मी थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

अतिदक्षता विभागात अर्धं आयुष्य काढलेली बाई मी. पण ते तिकडे, आपल्या देशात. इथे माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर नुसतं नाव आहे आणि खाली 'मदतनीस'. गोळी द्यायची नाही, सुईला हात लावायचा नाही, कुणाचा ताप वाढलेला वाटला तर ड्यूटीवरच्या नर्सला जाऊन सांगायचं आणि बाजूला व्हायचं. भाषेची परीक्षा झाली, लेखी झाली, तिकडच्या कॉलेजने आणि हॉस्पिटलने पाठवायचं ते सगळं एकदाचं पाठवलं. आता फक्त प्रात्यक्षिक राहिलंय. ते पास झालं की मी परत नर्स.

इथे कोणी सिस्टर म्हणत नाही, मोठमोठ्या नर्सेसनाही नावानेच हाक मारतात. तिकडे वॉर्डात पाऊल टाकलं की दहा खाटांवरून "सिस्टर, सिस्टर" सुरू व्हायचं आणि मी कावायचे, अरे दोन मिनिटं श्वास तरी घेऊ द्या मला. आता ती हाक ऐकायला जीव टाकते. कुणाला सांगायची सोय नाही, हसतील.

नर्स म्हणून नोंद झाली की आईला इथे आणता येतं, सहा महिने तरी. खोलीतला खिडकीजवळचा पलंग मी तिच्यासाठी मोकळाच ठेवलाय. त्यावर सध्या माझी पुस्तकं झोपतात.

१९ जानेवारी

रविवार. आईशी बोलले. चेहरा दिसला नाही, दादा म्हणतो फोनचा कॅमेरा बिघडलाय. आईचा आवाज जरा बसल्यासारखा वाटला. म्हणाली, "हवा बदललीय गं. तू आपलं अभ्यासाचं बघ, ठमे." चाळिशी ओलांडली तरी मी ठमीच.

मी विचारलं, दिवसभर करतेस काय? तर म्हणे, "करतेय काय, राणीसारखी बसलेय. तुझ्या वहिनीने माझे सगळे ब्लाउज आत घेऊन दिले. ढगळ दिसतात म्हणे, हल्ली फॅशन नाही." वहिनींना सासूच्या फॅशनची एवढी काळजी कधीपासून लागली कोण जाणे. मी पोट धरून हसले. आईही हसली आणि हसता हसता तिला खोकला आला.

मग दादाने फोन घेतला आणि गॅलरीत गेला. पलीकडच्या घरातल्या काकांना बरं नाही म्हणे. खाल्लेलं पोटात ठरत नाही, मळमळतं सारखं. "तू काही सुचवतेस का? त्यांच्याकडे कोणी कळणारं नाही." मी सगळं सांगितलं. एकदम ताट वाढू नका, दोन-दोन घास दर थोड्या वेळाने. फोडणीचा वास लांब ठेवा. मळमळ जास्त असली तर बर्फाचा खडा चोखायला द्या. दादा लिहून घेत होता, मधेच "हळू सांग" म्हणाला. लोकांसाठी इतकं करणारा माझा भाऊ. घरात स्वतःचा चहाचा कपसुद्धा उचलत नाही, ते सोडा.

बरं वाटलं. कुणीतरी नर्स म्हणून काही विचारलं.

२ फेब्रुवारी

परीक्षा झाली.

एक लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना दारं. घंटा वाजली की आत जायचं, पुन्हा वाजली की हातातलं काम टाकून बाहेर. एका खोलीत रबराचा पुतळा, त्याचं हृदय चालू करायचं. एका खोलीत जखमेचं ड्रेसिंग. काही खोल्यांत खरी माणसं, पेशंटचं नाटक करणारी. कोपऱ्यात परीक्षक बाई बसलेल्या, तोंडावरची माशी हलत नाही.

पुतळा वाचला असावा. ड्रेसिंग तर मी झोपेतही करते. शेवटच्या खोलीत एक गृहस्थ खाटेवर, पोटाच्या तपासणीचा निकाल यायचा आहे असं नाटक. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "गंभीर तर नाही ना काही? खरं सांगा." इतकं छान काम केलं त्यांनी की मला भरूनच आलं. मी त्यांच्या खांद्यावर थोपटून म्हटलं, "काही होत नाही तुम्हाला. आठ दिवसांत घरी जाल चालत." ते हसले. पेशंट हसला म्हणजे आपलं काम झालं.

चांगली गेली. आईला सांगितलं, कपडे काढून ठेव बाहेर, बॅग भरायला घे.

११ फेब्रुवारी

नापास.

पुतळ्यात पास, ड्रेसिंगमध्ये पास, गोळ्यांमध्ये पास, सगळ्यांत पास. एका खोलीत नापास, म्हणून सगळंच नापास. शेरा असा: पेशंटला खोटा दिलासा दिला.

खोटा दिलासा म्हणे. आमच्याकडे निकाल वाईट आला की डॉक्टर घरच्यांना दाराबाहेर बोलावतात आणि मी आत पेशंटपाशी थांबते. बाहेर बायको भिंतीला टेकून रडत असते आणि मी आत उशी सारखी करत म्हणते, आज चेहऱ्यावर तजेला दिसतोय हं. तिथे ते कामच आहे नर्सचं. माणसाला कळलं की तो हाय खातो, हातपाय गाळतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलंय.

दुसऱ्यांदा नापास झाले तर पुढे वर्षभर बसता येत नाही, आणि माझी इथली मुदत त्याआधी संपते. म्हणजे परत. परत जायला माझी ना नाही, रोज सकाळी डोळे उघडताना मी तिथेच असते. पण हात हलवत? आईने साऱ्या गल्लीला सांगून ठेवलंय.

१२ फेब्रुवारी

आईला कळवलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "असू दे. पुढची कधी आहे?" मी म्हटलं मार्च संपता संपता. ती म्हणाली, "मार्च. बरं. तेवढं होईल." मी म्हटलं, काय होईल? तर म्हणे, "तुझा अभ्यास होईल गं."

तिचा विश्वास बघून मलाच शरम वाटली. पुस्तकं घेऊन बसले.

२० फेब्रुवारी

शिकवणी लावली. शिकवणाऱ्या बाईंच्या गळ्यात स्टॉपवॉच, म्हणून मी त्यांचं नाव घड्याळबाई ठेवलंय. आज त्या पेशंट झाल्या आणि मला विचारलं, "मी मरणार का?"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "छे छे, भलतंच काय."

घड्याळबाईंनी घड्याळ थांबवलं. "पुन्हा."

असं सात-आठदा. मग त्यांनी सांगितलं की आधी खुर्ची ओढून बसायचं. उभ्या माणसाला कोणी खरं विचारत नाही. मग विचारायचं, तुम्हाला काय वाटतं? आणि मग गप्प राहायचं. ते काय बोलतील ते ऐकायचं.

बसणं जमलं, विचारणं जमलं. गप्प राहणं काही केल्या जमेना. ओठांवर सारखं येतं, होईल हो सगळं ठीक. घड्याळबाई म्हणाल्या, "हे तुम्ही कोणासाठी म्हणता? त्याच्यासाठी की स्वतःसाठी?"

राग आला. घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते.

३ मार्च

दादाचा फोन, भर दुपारी. काकांचं फारच झालंय. उठवत नाही त्यांना, पाठ आणि टाचा लाल दिसतायत. मी त्याला नीट समजावलं. दर दोन तासांनी कूस बदला. पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतील. लाल जागेवर चोळू नका. ओठ कोरडे पडत असतील, ओल्या कापसाने पुसा, वर थोडं तूप लावा. दुखायला लागल्यावर गोळी शोधत बसू नका, वेळ झाली की द्यायचीच, दुखो न दुखो.

"आणि दादा," मी म्हटलं, "त्यांच्या मुलांना बोलवून घ्या आता. असं ऐकून मला फार दिवस वाटत नाहीत."

दादा म्हणाला, "मुलगा आहे जवळ. मुलगी लांब असते."

"मग तिला कळवा."

"तिचं महत्त्वाचं काम चाललंय काहीतरी. काकाच नको म्हणतात."

मी चिडले. म्हटलं, असलं कसलं मेलं काम? आणि ती तरी कशी पोरगी, बापाच्या नुसत्या आवाजावरून कळत नाही तिला? दादा म्हणाला, "तिला नको बोलूस काही," आणि फोन ठेवला. त्याचाही आवाज जड येत होता. लहानपणी काकांनी त्याला सायकल शिकवली होती, त्याची माया असणारच.

९ मार्च

आज आईशी जेमतेम चार वाक्यं. तिचा घसा पार बसलाय. मी म्हटलं, पलीकडे जाऊन काकांपाशी बसतेस का कधी, तेवढाच त्यांना विरंगुळा. आई म्हणाली, "कोण काका? ते गेले की मुलाकडे राहायला. दिवाळीतच."

आई विसरायला लागली. मी वृद्धाश्रमात रोज बघते, सुरुवात अशीच होते, जवळची गोष्ट लांबची वाटायला लागते. दादाला लगेच मेसेज केला, आईची स्मरणशक्ती तपासून घे. त्याने लिहिलं, "घेतो." आणि थोड्या वेळाने, "तू काळजी करू नकोस. आई ठीक आहे."

तिला इथे लवकर आणलं पाहिजे. माझ्या डोळ्यांसमोर असली की मी बघेन. सकाळी खिडकीशी बसवीन, केस विंचरीन, दिवसातून दहादा तेच विचारलं तरी दहादा सांगीन. इथे दुसऱ्यांच्या आयांचे केस विंचरते रोज. एकीचा अंबाडा अगदी आईएवढा होतो, मूठभर. आज तो बांधताना हात तिथेच राहिला. बाई म्हणाल्या, "झालं का?" मी म्हटलं, झालं.

१६ मार्च

आमच्या वृद्धाश्रमात एक गणिताचे मास्तर आहेत, म्हणजे होते मास्तर. बायपास दोनदा झालीय. आज चहा पाजताना त्यांनी कप बाजूला केला आणि विचारलं, "मी आता घरी जाणार नाही ना?"

असल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा मदतनीसाला अधिकार नाही. मी खुर्ची ओढून बसले. "तुम्हाला काय वाटतं?" विचारलं आणि दातांखाली जीभ धरली.

बराच वेळ ते छताकडे बघत होते. मग घराबद्दल बोलले. जिन्याची चौथी पायरी वाजते, ती ओलांडून यायची सवय होती म्हणे, बायको उठू नये म्हणून. बायको जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी ओलांडायचेच. म्हणाले, "नाही जाणार मी. ठाऊक आहे मला. मुलगा येतो तो बागेत नवीन काय लावलंय ते सांगत बसतो, मग मीही विचारतो, पाणी घालतोस ना." आणि चक्क चहा मागितला. सगळा प्यायले.

मी घड्याळबाईंना फोन करून सांगितलं. म्हटलं, जमलं. त्या म्हणाल्या, "मग रडताय कशाला?"

२४ मार्च

परीक्षा. या वेळी खाटेवर बाई होती. तिने विचारलं, मी बसले. मी विचारलं, ती बोलली. मी खोटं काही बोलले नाही. म्हटलं, निकाल माझ्या हातात नाही, पण डॉक्टर सांगतील तेव्हा मी तुमच्याजवळ बसेन. तिने मान हलवली. कोपऱ्यातल्या परीक्षक बाईंनी काहीतरी लिहिलं.

कशी गेली ते माहीत नाही. मागच्या वेळी छान गेली म्हटलं होतं.

१ एप्रिल

सकाळी निकाल आला. पास. तीनदा वाचला, मग वृद्धाश्रमाच्या मोठ्या बाईंना वाचायला दिला, आजची तारीख वाईट म्हणून. त्या म्हणाल्या, "खराच आहे." सोमवारपासून नर्स म्हणून रुजू व्हायचं, निळा गणवेश, माप द्यायला कपड्यांच्या खोलीत जायचं.

जिन्यात उभी राहूनच घरी फोन लावला. दादाने उचलला. मी म्हटलं, "पास झाले." त्याने "शाब्बास" म्हटलं. मागून वहिनींचा आवाज आला, "आता तरी सांगा हो ताईंना." आणि त्या रडायला लागल्या.

मी तिथेच पायरीवर बसले. विचारलं, "मला काय माहीत नाहीये, दादा?"

आईला पोटाचा कॅन्सर आहे. डिसेंबरात कळलं तेव्हाच पसरलेला होता. कॅमेरा बिघडलेला नव्हता. काका खरंच दिवाळीत मुलाकडे गेलेत, त्या घराला कुलूप आहे. बर्फाचा खडा आईला दिला. उशी आईच्या पोटऱ्यांखाली ठेवली. तूप आईच्या ओठांना लावलं.

दादा म्हणाला, "तू सांगितलंस तसंच केलं सगळं. अगदी तसंच. एवढीशीसुद्धा जखम झालेली नाही पाठीला." शाळेतून आल्यावर प्रगतिपुस्तक दाखवायचा त्या आवाजात. मला त्याला झोडपावंसं वाटलं आणि मिठी मारावीशी वाटली. यातलं काहीच फोनवरून करता येत नाही.

मग म्हणाला, "आईला काही सांगितलेलं नाही. अल्सर म्हणून सांगितलंय. तूही बोलू नकोस. खचेल ती."

मी नर्स आहे. सगळ्या खुणा माझ्या कानांवर पडत होत्या आणि मी पोट धरून हसत होते.

२ एप्रिल

आज कॅमेरा चालू ठेवायला लावला. वहिनींनी फोन धरला. मी ओळखलं नसतं तिला, एवढीशी झालीय. डोळे मात्र तेच. वहिनींना म्हणाली, "जरा पाणी आण गं," आणि त्या फोन उशीला टेकवून गेल्या.

मी म्हटलं, "आई, कसं वाटतंय?"

"पास झालीस ना?"

"झाले."

"मग झालं." थोडा दम घेतला. "तुझा दादा अल्सर अल्सर करतो. त्याला वाटतं मला कळत नाही. तसंच वाटू दे त्याला, फार हळवा आहे तो. मीच म्हटलं होतं, पोटाचं ठमीला कळवू नका, परीक्षा होऊन जाऊ दे."

मी तिला म्हटलं, तू असं कसं केलंस. भांडलेच. ती ऐकत राहिली, तिला आवडतं मी भांडलेलं. मग मला पुढचं काही सुचेना. जे येत होतं तेच विचारलं, "आई, तुला काय वाटतं?"

इतकं गप्प मी आयुष्यात कधी राहिले नव्हते.

आई म्हणाली, "मला वाटतं, तू यावंस."

जन्मात तिने कधी ये म्हटलं नव्हतं. जाताना नको जाऊ म्हटलं नाही, सणाला नाही, आजारी पडली तेव्हा नाही. मी म्हटलं, "निघते." वहिनी पाणी घेऊन आल्या आणि आई त्यांना म्हणाली, "ती येतेय."

मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, किती दिवसांसाठी? म्हटलं, सांगता येत नाही. सोमवारची जागा दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागेल, म्हणाल्या, पुढची कधी निघेल ते माहीत नाही. मी म्हटलं, द्या. एरवी एवढी मोठी गोष्ट बोलायला मला आठ दिवस लागले असते.

दादाला कळवलं. त्याचं उत्तर लगेच आलं, "मिळेल त्या विमानाने ये. आई सारखी विचारतेय, कुठवर आली."

४ एप्रिल

मधल्या विमानतळावर बसलेय. पुढच्या विमानाला बराच अवकाश आहे. आज फोन चालू केल्या केल्या दादाचा मेसेज दिसला.

"दगदग करून घेऊ नकोस. वाटेत काहीतरी खाऊन घे. सावकाश ये."

परवा मिळेल त्या विमानाने ये म्हणत होता. मी बराच वेळ फोनकडे बघत बसले. मग लिहिलं, "बरं." पुढे काही विचारलं नाही. त्यानेही काही लिहिलं नाही. दहादा फोन हातात घेतला आणि दहादा खाली ठेवला.

चहा घेतला. खायचं आणलं, ते तसंच आहे.

शेजारच्या खुर्चीवर एक आजी बसल्यात. एकट्याच निघाल्यात, म्हणून मघापासून गप्पा मारायला बघतायत. त्यांनी विचारलं, काय करतेस? मी म्हटलं, नर्स आहे. निकालानंतर पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं. त्या म्हणाल्या, "वा, चांगलं काम आहे. आणि आता कुठे, घरी?"

"आईकडे."

"बरी आहे ना आई?"

मी म्हटलं, "वाट बघतेय माझी."